रघूची पंधरा वर्षं

श्रीराम राघवन यांचा ‘बदलापूर’ फेब्रुवारी 2015मध्ये आला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, वरुण धवन फिल्मफेअरच्या नामांकनापर्यंत पोचला. नाचऱ्या, गोडगोड नटाने गोडवा टाकला याचंच सगळ्यांना अप्रूप! मला तो सिनेमा तेव्हाही रुचला नाही, आजही रुचत नाही.

नायक दुष्ट आहे, ही माझी तक्रार नाही. माझ्यासारख्या वसईकराला वाईट माणसाचं वावडं कशाला असेल? रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांच्या टोपणनावातच आमचं अर्नाळा आहे, आणि त्यांचे झुंजार नि काळापहाड कायद्याला कुठे भीक घालत होते? त्यांच्यापायी एका अख्ख्या पिढीने रात्री जागवल्या.

‘बदलापूर’ची सुरुवात अव्वल आहे, हेही मान्य. पुण्यातला साधा रस्ता, पलीकडून रोखलेला कॅमेरा, नेहमीची वर्दळ. बँक लुटून दोघे पळत येतात आणि एका बाईच्या गाडीत घुसतात. ती आणि तिचा मुलगा, दोघंही जीवानिशी जातात. नवरा रघू मागे उरतो. मग पंधरा वर्षं गाळून सिनेमा एकदम पुढे जातो. रघू बदलापुरात, दाढी वाढलेली, नजर थिजलेली.

माझं घोडं अडतं ते इथे. ती पंधरा वर्षं हाच तर खरा विषय होता. ऐंशी-नव्वदच्या दशकांत जमिनीच्या व्यवहारांवरून वसई-विरारने दहशत काय असते ते पाहिलंय. 1989 साली नालासोपारा स्टेशनात एका बिल्डरला गोळ्या घालून मारलं. त्याच स्टेशनातून माणसं पुढेही विरार लोकलला लोंबकळत कामाला जात राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने ‘हरित वसई’साठी लोक रस्त्यावर उतरले, तेव्हाही राग होताच; पण रागावलेल्या माणसालाही वाडीला पाणी द्यावंच लागतं, पोरांची फी भरावीच लागते. रोजच्या रगाड्यात राग कधी विझतो, कधी आतल्या आत कुजतो. रघूच्या बाबतीत काय झालं? उत्तरादाखल दाढी!

उलट त्या दोन दरोडेखोरांतला लायक पाहा. खुनी, लबाड, आईला छळणारा. पण नवाजुद्दीनने त्याला हाव दिलीय, भीती दिलीय, वात्रटपणा दिलाय. तुरुंगातून पळायची त्याची धडपड बघताना हा आता काय करेल, याची उत्सुकता वाटते. रघू काय करेल हे आधीच कळतं, आणि धवन ते एकाच चेहऱ्याने करतो. त्या कोऱ्या चेहऱ्याला समीक्षकांनी खोली म्हटलं. मला तिथे नुसती रिकामी जागा दिसली.

‘रघूची घृणाच वाटावी, हा तर दिग्दर्शकाचा हेतू,’ असं चाहते सांगतात. असेल. पण घृणेलाही खाद्य लागतं. लायकच्या साथीदाराची बायको कोको दरोड्यात नव्हती, तो तिच्या नवऱ्याचा गुन्हा. रघू त्याला डिवचायला तिला वापरतो, मग हातोड्याने दोघांनाही संपवतो. राधिका आपटेसारखी नटी हाताशी असून कोकोच्या वाट्याला भेदरणं तेवढं येतं. लायकची प्रेयसी झिमली, म्हणजे हुमा कुरेशी, हिला शेवटी एक काम मिळतं: लायकने खुनांचा आळ अंगावर घेऊन रघूला दुसरी संधी दिली, हे त्याला ऐकवायचं. ज्या बाईवर रघूने जबरदस्ती केली, तिनेच त्याला शहाणपण शिकवायचं आणि त्याने ते मख्खपणे ऐकून घ्यायचं. तिला स्वतःसाठी काही बोलायचं असेल, हे पटकथेच्या गावीही नाही.