कागदामागचा शब्द



आपल्या धर्मग्रामातील बरीच मुले-मुली आज नोकरीनिमित्त परदेशात आहेत. त्यांतील काहींची लग्ने तिथेच जमतात आणि तिथेच लागतात. मग इकडे घरच्यांच्या फेऱ्या सुरू होतात. कधी चर्चच्या ऑफिसात, कधी नोटरीकडे, कधी मंत्रालयात. "लग्न दोन माणसांचे, मग इतके कागद कशाला? आमच्या मुलाच्या शब्दावर कोणाचा विश्वासच नाही का?" असे वैतागून विचारणारे आईवडील आम्हाला नेहमी भेटतात. प्रश्न वैतागातून आला असला, तरी तो खोल आहे. कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे का? आणि कागद असला की शब्दाची गरज संपते का? आज आपण यावर थोडा विचार करू या.

उदाहरणादाखल इटली घेऊ. इटलीच्या नागरी संहितेतील ११६ व्या कलमाप्रमाणे तिथे लग्न करणाऱ्या परदेशी माणसाला 'याच्या लग्नास अडथळा नाही' असा आपल्या देशाच्या अधिकाऱ्याचा दाखला द्यावा लागतो. तिथे त्याला 'नुल्ला ओस्ता' म्हणतात. आपल्या मुलांना तो रोममधील भारतीय दूतावासातून किंवा मिलानमधील कॉन्सुलेटमधून मिळवावा लागतो. त्यावरील सही खरी आहे, अशी नोंद पुन्हा तिथल्या प्रीफेक्टच्या कचेरीत करून घ्यावी लागते.

पण आपला दूतावास तरी हा दाखला कशाच्या आधारावर देणार? कोण विवाहित आणि कोण अविवाहित हे सांगणारी एकच राष्ट्रीय नोंदवही आपल्या देशात नाही. लग्नांची नोंदणी सक्तीची करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले. परंतु नोंद होते ती झालेल्या लग्नाची. न झालेल्या लग्नाची नोंद कोणत्या वहीत सापडणार? 'आहे' हे दाखवता येते, 'नाही' हे दाखवणे फार अवघड असते. म्हणून शेवटी मुलालाच प्रतिज्ञापत्र करावे लागते : 'मी अविवाहित आहे.'

परदेशी पाठवायच्या कागदांवर आपले परराष्ट्र मंत्रालय 'अपोस्टिल' नावाचा शिक्का देते. १९६१ च्या हेग कराराने ही पद्धत सुरू झाली आणि भारतात ती २००५ पासून लागू आहे. या शिक्क्याचा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. सही खरी आहे, सही करणाऱ्याला तो अधिकार होता आणि मोहोर खरी आहे, एवढेच तो सांगतो. आतला मजकूर खरा आहे, असे तो सांगत नाही.

म्हणजे एक शिक्का दुसऱ्या शिक्क्याची साक्ष देतो, दुसरा तिसऱ्याची. या साखळीच्या अगदी तळाशी गेलो, तर तिथे कोणताही शिक्का नसतो. तिथे आपला मुलगा किंवा आपली मुलगी असते आणि तिने दिलेला साधा शब्द असतो. तेव्हा आईवडिलांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, मुलाच्या शब्दावर विश्वास नाही असे नव्हे. सारा डोलारा त्याच शब्दावर उभा आहे. कागदाचे काम तो शब्द अनोळखी माणसापर्यंत पोचवण्याचे आहे.

गावात या पोचवण्याची गरज नसते. कोण कोणाचा, कोणाचे कुठे जमले, हे चार घरांना ठाऊक असते. रविवारी मिस्साच्या वेळी नावे जाहीर झाली की, अडथळा माहीत असणाऱ्याने तो सांगणे हे त्याचे कर्तव्यच ठरते. परंतु रोमच्या कचेरीतील कारकून आपल्या आळीत राहत नाही. मग अनोळखी माणसाशी खरे बोलण्याचे देणे आपल्याला लागते का? संत थॉमस अक्विनस सत्यवचनाचा संबंध न्यायाशी जोडतात. माणूस समाजात राहणारा प्राणी आहे आणि एकमेकांवर विश्वास ठेवल्याशिवाय माणसांना एकत्र राहताच येणार नाही. म्हणून खरे बोलणे हे एका अर्थी दुसऱ्याचे देणेच आहे. हे देणे ओळखीपाळखीच्या माणसापुरते असते, असे ते म्हणत नाहीत.

आता हे कागद मुळात कोणासाठी आले ते पाहू. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली असे ठरवले की, लग्न धर्मगुरू आणि साक्षीदारांसमोर व्हावे आणि धर्मगुरूने ते वहीत लिहून ठेवावे. त्यामागे एक दुःख होते. पुरुष गुपचूप लग्न करीत, मग पहिल्या पत्नीला टाकून दुसरीशी उघडपणे लग्न लावीत. पहिलीजवळ दाखवायला काहीच नसे. गावोगाव भटकणारे काही जण तर जागोजागी लग्ने करीत. पुढे १९०७ च्या आदेशाने लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीतही करण्याचा नियम झाला. इटलीतला धर्मगुरू आपल्याकडून बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागतो तो यासाठीच. त्या वहीतल्या तुमच्या नावापुढे लग्नाची नोंद आहे की नाही, हे त्याला पाहायचे असते. कागद वधूवरांवर संशय घेण्यासाठी आला नाही. तिथे हजर नसलेल्या, कदाचित फसवल्या गेलेल्या कोणा तिसऱ्या माणसासाठी तो आला.

म्हणूनच 'कागदावरचे लग्न' हा विषय आम्हाला गंभीर वाटतो. परमिट मिळावे म्हणून कोणाशी तरी नावापुरती सही करायची आणि नंतर मोकळे व्हायचे, असा सल्ला देणारे भेटतात. "देवळात थोडेच केले? मनातून थोडेच केले?" असे समर्थनही होते. वधूवरांच्या संमतीनेच विवाह होतो आणि ती संमती दुसरी कोणतीही मानवी सत्ता देऊ शकत नाही, असे ख्रिस्तसभा शिकवते. कॅथलिकाने केवळ नोंदणी कचेरीत केलेले लग्न ती संस्कार मानत नाही, हेही खरे. परंतु त्यावरून तिथे दिलेला शब्द शब्दच नव्हता, असे होत नाही. उद्या हाच मुलगा गावी आवडत्या मुलीशी लग्न करायला येईल, तेव्हा 'मी अविवाहित आहे' असे कोणत्या तोंडाने लिहून देईल? आणि जिच्याशी नावापुरती सही केली, तिचे काय? ती ना धड विवाहित, ना धड मोकळी.

कागदाचाही अतिरेक होतो, हे मात्र मान्य केले पाहिजे. इटलीने २००९ साली कायदा केला की, देशात कायदेशीर वास्तव्य असल्याचा कागद नसेल, तर परदेशी माणसाला तिथे लग्न करता येणार नाही. एक इटालियन नागरिक आणि एक मोरोक्कन नागरिक यांचे लग्न त्यामुळे अडले. २०११ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती अट रद्द केली. लग्नाचा हक्क माणूस म्हणून मिळतो, परमिट म्हणून नव्हे. ख्रिस्तसभेच्या कायद्यातही अशी जागा ठेवलेली आहे. मरण समोर असताना दुसरा पुरावा मिळत नसेल आणि संशयाला कारण नसेल, तर वधूवरांचा शब्द पुरेसा मानला जातो, गरज वाटल्यास शपथेवर (कॅनन १०६८). सगळे कागद गळून पडले, तरी शब्द उरतो.

प्रभू येशूने शपथा वाहण्यापेक्षा सरळ 'होय' आणि 'नाही' म्हणायला शिकवले (मत्तय ५:३७). प्रतिज्ञापत्र करणाऱ्यालाही ही शिकवण लागू आहे. स्टॅम्प पेपर घेतल्यावर खरे बोलायला सुरुवात करायची नसते. खरे बोलणाऱ्याचेच प्रतिज्ञापत्र कामाचे असते.

इटलीतील चर्चमध्ये सरकारमान्य विवाह होतो, तेव्हा धर्मगुरू त्याच विधीत नागरी संहितेची १४३, १४४ आणि १४७ ही कलमे वाचून दाखवतात : निष्ठा, परस्परांना साहाय्य, एकत्र राहणे, मुलांचे संगोपन. नागरी विवाहात वधू किंवा वराला भाषा येत नसेल, तर दुभाषा घेतात. आपण कशाला 'होय' म्हणतो आहोत, हे कळल्याशिवाय त्या होकाराला अर्थ नाही, हे सरकारलाही ठाऊक आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी असे लग्न ठरत असेल, त्यांनी आमच्याकडे लवकर यावे. पासपोर्ट, जन्मदाखला आणि बाप्तिस्म्याचा दाखला यांवरील नावे जुळतात का, ते आधी पाहावे. जुळत नसतील, तर रीतसर दुरुस्ती करून घेता येते. त्यासाठी वेळ मात्र लागतो. तारीख किंवा नाव 'जरा बदलून' द्या, अशी विनंती कृपया कोणी करू नये. त्या वहीवर ती लग्नाची मुलगी भरवसा ठेवते आणि तिला आम्ही कधी पाहिलेलेही नसते.

आपले धर्मगुरू