दहा तासांचें अंतर

मुंबई आणि लंडन या शहरांमध्यें अंतर किती, असें कोणी विचारल्यास, सरळ आकाशमार्गानें सुमारें ७,२०० किलोमीटर, असें उत्तर देतां येईल. आणि तें दोनशें वर्षांपूर्वीं जितकें खरें होतें तितकेंच आजहि आहे. परंतु प्रवासास निघणारा मनुष्य कोस मोजीत नाहीं, दिवस मोजतो. शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेच्या टोकास वळसा घालून जाणारास चार-पांच महिने लागत. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला, आणि पुढें आगबोटीनें दोन-तीन आठवड्यांत विलायत गांठतां येऊं लागली. ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून निघालेलें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान कैरो व जिनीव्हा या मार्गानें १० जूनला लंडनला उतरलें. आज तोच प्रवास नऊ-दहा तासांत होतो.

येथवर सर्व आनंदाचेंच आहे. आमचा प्रश्न याच्या पुढचा आहे. वाट आंखूड झाली म्हणजे कर्तव्य वाढतें काय?

१८८८ सालीं मोहनदास गांधी बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठीं विलायतेस गेले. ते तिकडे असतांच त्यांच्या मातोश्री पुतळीबाई निवर्तल्या. समुद्राखालची तार १८७० सालींच सुरू झालेली असल्यामुळें बातमी धाडणें अशक्य नव्हतें. परंतु परदेशीं मुलास हा आघात सोसावा लागूं नये, म्हणून वडील बंधूंनीं ती कळविली नाहीं. १८९१ सालीं मुंबईस परत आल्यावरच ती त्यांच्या कानीं पडली. यांत कोणासहि दोष देण्याचें आमच्या मनांत येत नाहीं. आईच्या दुखण्याची तार गेली असती, तरी आगबोटीनें त्यांस वेळेवर आणलें असतें असें कोण म्हणेल? समुद्रानेंच मुलास क्षमा केली होती.

आज समुद्राकडे ती क्षमा उरलेली नाहीं. पुण्यास आई अंथरुणास खिळली असतां लंडनचा मुलगा दुसऱ्या दिवशीं तिच्या उशाशीं बसूं शकतो, हें तो जाणतो, आईहि जाणते, आणि शेजारीपाजारीही जाणतात. पूर्वीचें न येणें हें दैव होतें. आजचें न येणें हा निर्णय आहे.

यावर कोणी म्हणेल, रजा, भाड्याचे पैसे, व्हिसा, मुलांची शाळा, यांचें काय? हीं अंतरें खरींच आहेत. तीं किलोमीटरांत मोजतां येत नाहींत, इतकेंच. शिवाय ज्या आईबापांनीं कर्ज काढून, पेढे वाटून मुलास धाडलें, त्यांनीं विमानाचें वेळापत्रक पुढें करून त्यास आरोपी ठरविणें न्यायाचें नव्हे. दहा तासांत येतां येतें, म्हणून प्रत्येक हांकेस आलेंच पाहिजे, असा नियम आम्ही घालणार नाहीं.

परंतु एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसते. ‘आम्ही फार लांब आहों’ हें उत्तर आतां खरें राहिलेलें नाहीं. ज्यास येणें शक्य नसेल त्यानें आपलें कारण सांगावें, आणि ज्यानें न येण्याचें ठरविलें असेल त्यानें तसें कबूल करावें; ऐकणारानेंहि तें धीरानें ऐकून घ्यावें. खरें कारण ऐकून आईस दुःख होईल. पण लांबीचें निमित्त ऐकून मुलगा खरोखरच दुरावला, असें तिला वाटेल. तें अंतर कोणत्याहि विमानानें तुटत नाहीं.