गहाणाचे घर आणि भाच्याचे भाडे

कर्ज काढून घेतलेले दुसरे घर नातलगाला भाड्याने दिले की एका माणसावर तीन नाती येऊन बसतात. तो बँकेचा ऋणको असतो, राहणाऱ्याचा घरमालक असतो आणि त्याचाच मामा, काका किंवा मेव्हणा असतो. ऋणकोने वेळेवर फेडावे, मालकाने ठरलेले भाडे घ्यावे, आप्ताने मात्र द्यावे, अशी तिन्ही नात्यांची रीत. ही मागणी महिन्याच्या एकाच रकमेवर येते तेव्हा आधी कोणाचे ऐकायचे, हा प्रश्न धर्माचा आहे.

जबलपुरात तो सहज उभा राहतो. संरक्षण कारखाने, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ, विद्यापीठ आणि इंजिनिअरिंग कॉलेज यांमुळे इथे भाडेकरूंना तोटा नाही. पुण्याला किंवा परदेशी स्थिरावलेल्या मुलाने ‘गावात काहीतरी असावे’ म्हणून हप्त्यांवर फ्लॅट घ्यायचा, आणि शिकायला किंवा वकिलीची उमेदवारी करायला आलेल्या बहिणीच्या मुलाने तिथे राहायचे, हे घडतच असते. नागपूरकर भोसल्यांचा इथला अंमल १८१७ मध्ये संपला, पण मराठी कुटुंबे राहिली आणि नोकऱ्यांनी ती पुढे वाढली. दोनशे वर्षांच्या शेजाराने त्यांच्या रीतीभातींत महाकोशल-बुंदेलखंडाचा रंग मिसळला आहे.

भाडेकरू भाचा असेल तर हा रंग महत्त्वाचा ठरतो. या भागात भाचा पूज्य मानला जातो. वयाने कितीही मोठा असला तरी मामा त्याच्या पाया पडतो. बहिणीच्या वा लेकीच्या घरून काही घेणे दोषाचे समजतात, जुनी माणसे तर लेकीच्या घरचे पाणीही पीत नसत. यामागचा विचार कन्यादानाचा आहे. कन्या दान म्हणून दिली, तेव्हा त्या घरून काही घेणे म्हणजे दिलेल्यावर पुन्हा हात टाकणे. महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची चाल असल्याने हा दंडक इतका कडक नाही, तरी बहिणीला द्यायचे असते, तिच्याकडून घ्यायचे नसते, ही भावना तिथेही आहे. त्यामुळे पुतण्याकडून भाडे घेताना न अडखळणारा माणूस भाच्यापाशी अडखळतो. ही अडखळण खोटी नाही, तिला हसण्याचेही कारण नाही. पण तिची मर्यादा ओळखली पाहिजे. ती मामाने स्वतःच्या धनाचे काय करावे एवढेच सांगते. घर गहाण असेल तर त्यातले मामाचे धन किती, हे आधी ठरवावे लागते.

धर्मशास्त्राने नेमकी इथूनच सुरुवात केली आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचा नियम असा की जे आपले आहे ते द्यावे, आणि तेही कुटुंबाला बाध न येईल अशा बेताने. नारदस्मृतीत जे देताच येत नाही अशा वस्तूंची यादी आहे. ठेव, मागून आणलेली वस्तू, सामाईक धन यांच्याबरोबर तीत आधी, म्हणजे गहाण वस्तू, येते. तिथला रोख अर्थात गहाण घेणाऱ्यावर आहे, कारण त्या काळी गहाण वस्तू बहुधा सावकाराच्या ताब्यात जाई आणि ती तिसऱ्याला देऊन टाकण्याचा मोह त्यालाच होई. आजच्या गृहकर्जात उलट आहे. घर ऋणकोच्या ताब्यात, कागद बँकेच्या तिजोरीत. हाती असलेल्या वस्तूवर दुसऱ्याचा हक्क आहे हे विसरण्याची सोय आता ऋणकोला मिळाली, म्हणून तो नियमही त्याच्याकडे वळवून वाचणे रास्त आहे.

यावर एक आक्षेप येतो. हप्ता वेळेवर जात असेल तर बँकेचे काय बिघडले? भाडे कमी घेतले किंवा घेतलेच नाही, तर तो मालकाचा प्रश्न. आक्षेप बराचसा खरा आहे. ज्याचा हप्ता पगारातून निर्वेध जातो, त्याची सवलत त्याच्याच खिशातून जाते आणि ते दान निर्दोष आहे. पण दुसरे घर घेणाऱ्यांपैकी अनेकांनी हप्त्याचा हिशेब भाड्यावरच मांडलेला असतो. भाडे आले तरच हप्ता जाणार अशी स्थिती असेल, तर भाच्याला सोडलेली रक्कम मामाची नव्हेच. ती बँकेची, म्हणजे अखेर तिच्या ठेवीदारांची. शिवाय हप्ता चुकला आणि राहते घर किंवा मुलांच्या शिक्षणाचे पैसे त्यात ओढले गेले, तर याज्ञवल्क्याची दुसरी अटही मोडते.

तुकोबांच्या चरित्रातली एक कथा महाराष्ट्राला पाठ आहे. घरची सावकारी होती. विरक्ती आल्यावर त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली. कथेचा अर्धा भाग मात्र सांगताना गळतो. बुडवण्याआधी त्यांनी वाटणी केली, भाऊ कान्होबाच्या हिश्शाचे कागद त्याला दिले आणि आपल्या वाट्याचेच पाण्यात सोडले. एवढ्या वैराग्यातही भावाचे येणे माफ करण्याचा अधिकार आपला नाही, हे भान सुटले नाही. जबलपुरात मेडिकल कॉलेजाजवळच्या टेकडीवरील पिसनहारीच्या मढियाची आख्यायिका याच जातीची आहे. दळण दळून पोट भरणाऱ्या एका बाईने साठवलेल्या पैशातून ते जैन मंदिर उभे केले असे सांगतात. दान लहान की मोठे यापेक्षा ते कोणाच्या कष्टाचे, याकडे दोन्ही कथांचे लक्ष आहे.

आधुनिक कायदा हाच विचार कोरड्या भाषेत मांडतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात १९२९ साली कलम ६५-अ घालण्यात आले. ताबा आपल्याकडे असलेला गहाण ठेवणारा घर भाड्याने देऊ शकतो, पण अटींवर. भाडे वाजवीपणे मिळू शकेल तेवढे उत्तम असावे, पागडी किंवा आगाऊ भाडे घेऊ नये, नूतनीकरणाचे वचन देऊ नये, इमारतीचा पट्टा तीन वर्षांपेक्षा लांब नसावा. गहाणखतात वेगळे ठरले असेल तर ते चालते, आणि बँकांच्या करारांत सहसा पूर्वसंमतीची अट असतेच. उत्तम भाड्याच्या अटीत नात्याला सूट नाही. प्राप्तिकराचाही सूर असाच. घराला रास्त भाडे जितके यावे ते प्रत्यक्ष भाड्याहून जास्त असेल, तर आकारणी त्या रास्त भाड्यावर होते. मामाची माया त्यात धरत नाहीत.

मग सवलत द्यायचीच नाही का? द्यावी, पण ती भाड्याच्या आकड्यात लपवू नये. भाडे बाजाराप्रमाणे ठरवावे, खात्यातून घ्यावे, आणि भाच्याच्या फीला, पुस्तकांना, बहिणीच्या सणाला मामाने वेगळे व उघड द्यावे. भाड्यातली सूट आणि अशी उघड मदत पुढेमागे सारख्या झाल्या तरी फरक राहतो: हप्ता तंगीत आला तर मदत थांबवता येते, भाड्यातली सूट मागे घेणे कठीण जाते. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीच्या आशेने दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे, ते इथे लागू पडते. पुष्कळ सवलतींमागे भाच्याने घराची देखभाल करावी, गावातल्या आजीला दवाखान्यात न्यावे, अशी अपेक्षा असते. अपेक्षा गैर नाही. पण ते दान नव्हे, मोबदला आहे, आणि मोबदला आधी बोलून ठरवणेच बरे. न बोललेला मोबदला पुढे दोन घरांत उणीदुणी काढायला पुरतो.

राहणाऱ्याचेही एक येणे आहे, आणि ते भाड्याच्या आकड्याहून मोठे: घर गहाण आहे हे त्याला सांगणे. न सोडवता तीच जमीन दुसऱ्याकडे गहाण टाकणाऱ्याला विष्णुस्मृतीने कठोर शिक्षा सांगितली आहे. दोष दुहेरी व्यवहाराचा तसा लपवाछपवीचाही आहे. नातलग कागद मागत नाही, विश्वासावर सामान आणतो, म्हणून त्याला अंधारात ठेवणे परक्याला फसवण्याहून वाईट.

उलट बाजूने नातलगावरही बंधन आहे. कात्यायनाच्या मते भाऊबंद आणि आप्त यांनी केलेल्या उपभोगातून मालकी सिद्ध होत नाही. आजही परवानगीने राहणाऱ्याला नुसत्या वर्षांच्या बळावर घर आपले म्हणता येत नाही. मात्र भाडेकरूला १९६१ च्या मध्य प्रदेश निवासनियंत्रण अधिनियमाचे संरक्षण मिळू शकते, तेव्हा भाचा पाहुणा म्हणून राहतो की भाडेकरू म्हणून, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे.

आणि या साऱ्याला मुदत आहे. हप्ते थकून २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँकेची मागणी-नोटीस आली, की तिच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय ऋणकोला ते घर विकता येत नाही आणि भाड्यानेही देता येत नाही. आधीपासून राहणाऱ्या भाडेकरूला आपला पट्टा खरा व वैध असल्याचे कर्जवसुली न्यायाधिकरणापुढे मांडता येते. ते न्यायाधिकरण जबलपुरातच आहे. तिथे नाते विचारत नाहीत, करार आणि भाड्याच्या पावत्या पाहतात.