काइनाच्या बायकोची चौकशी पुरे

काइनाची बायको कोण होती, ही चिठ्ठी पुन्हा आली आहे. अक्षर माझ्या ओळखीचं आहे, तरी नाव घेत नाही. उत्पत्तीचा चौथा अध्याय वाचलात, शाबास. पाचव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात आदामाला आणखी मुलगे आणि मुली झाल्याचं सरळ लिहिलंय. एक पान उलटायचं होतं. तेवढंही झालं नाही?

आणि चौथा तरी नीट वाचलात का? त्यात देव काइनाला बायकोबद्दल एक अक्षर विचारत नाही. भावाबद्दल विचारतो. काइन उत्तर देण्याऐवजी देवालाच उलटा प्रश्न टाकतो आणि हात झटकून मोकळा होतो. तुमच्या चिठ्ठ्यांचं घराणं तिथूनच सुरू झालं.

तुमचा सख्खा भाऊ कुठे आहे? वडिलार्जित जागेची वाटणी झाल्यापासून त्याच्याशी बोलणं बंद. उपासनेला तो डावीकडच्या बाकांवर, तुम्ही उजवीकडे. प्रभुभोजनाला तो उठला की तुम्हाला एकदम बुटाची नाडी आठवते. खाली वाकून बसता, तो परत जागेवर गेला की मग उठता. तीच भाकर, तोच प्याला, फक्त भावाचं तोंड नको. सगळी मंडळी बघते. शब्बाथ शाळेतली पोरंसुद्धा बघतात. आणि मला विचारता काइनाची बायको!

बाकीच्यांनी हसू नये. चिठ्ठ्या सगळ्यांच्या वाचल्यात मी.

तुम्ही काय कुक्कुली बाळं आहात? बँकेचं कर्ज मंजूर करून घेता. मुलांच्या प्रवेशासाठी नियमावलीतलं बारीक छापलेलं कलम शोधून काढता. सोसायटीच्या सभेत उपविधी तोंडपाठ म्हणून दाखवता. मग शास्त्रापाशी आलं की तुमची अक्कल कुठे जाते? कुठे जात नाही. चांगली जागेवर असते आणि पळवाट शोधण्याच्या कामाला लागलेली असते. लूकच्या दहाव्या अध्यायातला तो शास्त्री आठवा. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती, हे त्याला पाठ होतं. येशूनं त्याच्याच तोंडून वदवून घेतलं आणि सांगितलं, आता तसं वाग. इथे त्याची पंचाईत झाली. मग शेजारी म्हणजे नक्की कोण, असा प्रश्न त्यानं काढला. कशासाठी काढला, हेही लूकनं लिहून ठेवलंय. स्वतःला बरोबर ठरवायचं होतं. तुमच्या दहातल्या नऊ चिठ्ठ्या या शास्त्र्याच्या हाताच्या आहेत.

"बाई, देवाची इच्छा कशी ओळखायची?" फार गोड प्रश्न. पुण्यातली नोकरी धरावी की बंगळूरची, हे देवानं स्वतः येऊन सांगावं. योनाला देवाची इच्छा कळली नव्हती? गावाच्या नावासकट कळली होती, निनवे. तो उठला, याफोला गेला आणि तार्शीशच्या जहाजात बसला. पदरचं भाडं भरून बसला, हा तपशील पहिल्या अध्यायातच आहे. तुम्हीही अज्ञानापायी अडलेले नाही. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र काढा, चौथा आणि पाचवा अध्याय. देवाची इच्छा काय, हे पौल नाव घेऊन सांगतो. शुद्ध राहा, जारकर्मापासून दूर राहा, कोणत्याही परिस्थितीत उपकार माना. मीखाच्या सहाव्या अध्यायात न्याय, दया आणि नम्रता, तिन्ही एका वचनात आहेत. हे कळलं ना? मग मागच्या महिन्यात कचेरीत टॅक्सीची खोटी बिलं कोणी लावली? त्यासाठी दिव्य प्रकाश लागत होता का? जे लख्ख दिसतंय त्यावर कातडं ओढायचं आणि जे सांगितलेलंच नाही त्यासाठी उपास करायचे!

उपासावरून वचनाच्या डबीची आठवण झाली. एकतीस डिसेंबरच्या रात्री वर्षाचं वचन काढताना एका सद्गृहस्थांनी चिठ्ठी उघडली, वाचली, घडी घालून परत डबीत टाकली आणि दुसरी उचलली. मी शेजारीच उभी होते. पहिलीत काय होतं, मला माहीत आहे. वैऱ्यावर प्रीती करण्याबद्दल होतं. दुसरी भरभराटीची निघाली. ती लगेच मोबाइलच्या स्टेटसवर गेली.

यिर्मया २९ मधलं अकरावं वचन तर तुमच्या घराघरात फ्रेम करून टांगलेलं आहे. देवानं तुमच्यासाठी चांगले बेत केलेत. वा! हे पत्र कोणाला लिहिलं होतं? बाबेलात धरून नेलेल्या लोकांना. अकराव्याच्या आधी दहावं वचन आहे, ते कोणी फ्रेम करत नाही. त्यात सत्तर वर्षांची मुदत आहे. म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक तिथेच मरणार होते. तोवर काय करायचं? घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा आणि ज्या नगरानं तुम्हाला कैद केलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. पदोन्नतीची मुलाखत, व्हिसा आणि फ्लॅटचा ताबा, या तिन्हींना हे वचन लावताना हा भाग कुठे गेला?

आता "चालेल का" या जातीच्या चिठ्ठ्या. सगळ्यात जास्त याच. थोडी घेतली तर चालेल का? तीमथ्याला पौलानं पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, हे वचन तुम्हाला अध्याय-क्रमांकासकट पाठ. त्या पोराच्या पोटाची एवढी काळजी त्याची आई युनीके आणि आजी लोईस यांनी तरी केली असेल का! त्याच पत्रात दारूच्या आहारी गेलेल्याला अध्यक्षपद देऊ नये असंही आहे. ते नाही आठवत?

दशांश हातात पडणाऱ्या पगारावर द्यायचा की पीएफ कापायच्या आधीच्या? अहो, पुदिना, शेप आणि जिरं यांचासुद्धा दशांश मोजून देणाऱ्या परूश्यांना येशू मत्तय २३ मध्ये काय म्हणाला, ते वाचा. दशांश देऊ नका असं तो म्हणाला नाही. न्याय, दया आणि विश्वास सोडलेत, म्हणाला. तुमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईचे दोन खाड्यांचे पैसे तुम्ही कापता. तिचं पोर तापानं फणफणलं होतं, हे माहीत असून कापता. मग त्याच पैशांतून दशांशाचं पाकीट भरता आणि रुपये कशावर मोजू म्हणून मला विचारता. याकोबाचा पाचवा अध्याय वाचा. अडकवून ठेवलेली मजुरी तिथे ओरडते, आणि ती कोणाच्या कानी जाते, तेही लिहिलंय.

शेजारच्या गणपतीचा मोदक खावा की नाही, हा प्रश्न मात्र खरा आहे. आपल्याकडे तो दरवर्षी दारात येतो. पण त्याचं उत्तर करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायात पौलानं इतकं सविस्तर दिलंय की माझी गरजच नाही. बाजारातलं मांस चौकशा न करता खा, म्हणतो. कोणी नैवेद्याचं आहे म्हणून सांगितलं तर त्याच्यासाठी खाऊ नका. तुमच्या खाण्यानं दुर्बळ भाऊ अडखळत असेल तर सोडा. त्याचं सगळं लक्ष समोरच्या माणसावर आहे. आणि तुम्ही? मोदक नाकारताना शेजारणीचं मन दुखवून आलात आणि वर त्याचीच साक्ष दिलीत.

लग्नाचं तर बोलायलाच नको. विश्वास न ठेवणाऱ्याशी जोडलं जाऊ नये, हे वचन मुलांच्या तोंडावर फेकता. आणि मंडळीतलंच स्थळ आलं, मुलगा शिकलेला, प्रार्थनेचा, निर्व्यसनी, की हळूच विचारता, "मूळचे कोण हो ते?" कितव्या पिढीपर्यंत मूळ खणणार आहात? बाप्तिस्म्याच्या पाण्यानं पाप धुतलं आणि जात तेवढी कोरडी राहिली? गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय तुमच्या प्रतीतून फाटलाय का?

एका चिठ्ठीला मी हात लावणार नाही. देवानं हे का होऊ दिलं, एवढंच तीत लिहिलंय. ज्याच्या घरातलं तरणंताठं माणूस गेलं, त्याच्या "का"पुढे मी गप्प बसते. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर शहाणे होते. तोंड उघडलं आणि वाट्टेल ते बोलले. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर. तळमळून विचारणाऱ्या ईयोबाची बाजू त्यानं बरोबर ठरवली. तेव्हा लिहिणाऱ्या, तू विचार. रडून विचार, भांडून विचार. पण टीव्हीवरचा पूर पाहून, चहाचा घोट घेत, "देव असता तर असं झालं असतं का" म्हणणाऱ्यांनी या चिठ्ठीमागे लपू नये. पूरग्रस्तांसाठी गोळा केलेल्या कपड्यांत तुमच्या घरून काय आलं होतं, ते मी स्वतः उघडून पाहिलंय. चेन तुटलेली पॅन्ट!

आणि आता ती जुनी रड. बाई, वेळ नाही. बाई, शास्त्राची भाषा जड आहे. सगळे मिळून ११८९ अध्याय. रोज चार वाचले तर वर्षाच्या आत संपतात. क्रिकेटचा एक सामना होईतो मार्कचं अख्खं शुभवर्तमान वाचून होतं आणि वर वेळ उरतो. भाषेचं म्हणाल, तर पंडिता रमाबाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या. कानांनी नीट ऐकू येत नव्हतं. अंगावर केडगावच्या मुक्ती मिशनचा सगळा भार. तरी मूळ भाषांतून मराठी शास्त्र केलं, तेही कमी शिकलेल्या बाईला समजावं अशा मराठीत. तिथल्याच छापखान्यात, जगानं टाकून दिलेल्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये ते शास्त्र बाहेर आलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्यामागे अपुरं राहिलेलं त्याचं 'ख्रिस्तायन' पुरं केलं. तुम्ही पदवीधर आहात. तुम्हाला काय जड आहे?

पुढच्या रविवारपासून चिठ्ठीच्या खाली, त्या विषयावर शास्त्रातला कुठला अध्याय स्वतः वाचला, ते लिहायचं. न लिहिलेली चिठ्ठी मी उघडणार नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचा कार्यक्रम बंद.

आता मत्तयाचा पाचवा अध्याय काढा. तेविसावं वचन, वेदीपाशी आणलेल्या अर्पणाचं. हं, तुम्हीच उभे राहा, उजवीकडच्या बाकावरचे. मोठ्यानं वाचा. चष्मा विसरलात? भावाचा नंबर तुमच्याइतकाच आहे, त्याचा मागून घ्या.