दुरुस्ती कुठवर?

मोडलेली वस्तू दुरुस्त करावी, हे आम्हांला लहानपणापासून शिकविले जाते. पण दुरुस्ती कुठवर करावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कंधार येथील एका घरात तो आमच्यापुढे उभा राहिला, तोही एका मोडक्या ग्रामोफोनच्या निमित्ताने.

त्या घरातील वृद्ध गृहस्थांचे मूळ गाव किल्लारीच्या परिसरातले. त्यांच्या वडिलांनी निजामी राजवटीत हैदराबादहून हा ग्रामोफोन आणला होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे जड माळवद यांखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. हे गृहस्थ नोकरीनिमित्त कंधारला होते म्हणून वाचले. त्यांची आई वाचली नाही. ढिगारा उपसताना तिच्या खाटेशेजारी ग्रामोफोन सापडला. तुळईखाली कर्णा चेपला होता, सागवानी पेटीचा कोपरा फुटला होता. तेव्हापासून तो गोणपाटात बांधून माळ्यावर पडून होता.

आता नातवाने नवे घर बांधले आहे. ग्रामोफोन दिवाणखान्यात ठेवावा, अशी त्याची इच्छा. मुंबईच्या एका कारागिराने त्याला नवा पितळी कर्णा, नवी पेटी आणि वर चकचकीत पॉलिश असा खर्च काढून दिला. आजोबांचे म्हणणे एकच, "फादर, त्याला कुणी हात लावायचा नाही." दोघेही आमच्याकडे निवाडा मागण्यास आले.

वाचकहो, ग्रामोफोनला वीज लागत नाही. चावी दिली की पोलादी कमान गुंडाळली जाते. ती उलगडताना तबकडी फिरते आणि गव्हर्नर तिची गती स्थिर राखतो. सुई तबकडीच्या खाचेतून जाताना थरथरते, ती थरथर साउंडबॉक्समधील अभ्रकाच्या पातळ पडद्याला पोचते आणि कर्णा तिला मोठा आवाज देतो. कमान तुटली तर बदलता येते, वाळून कडक झालेले रबरही बदलता येते. अशा दुरुस्तीने वस्तूचे कार्य तिला परत मिळते. परंतु कर्णा नवा, पेटीही नवी, तर घरी परत येते ते काय? कुठल्या तरी जुन्या यंत्रावर नवा कर्णा बसवून 'प्राचीन' म्हणून विकलेले ग्रामोफोन जुन्या बाजारांत पुष्कळ आढळतात. नातवाची भावना निर्मळ होती. पण त्याच्या दिवाणखान्यात येणार होता तो पणजोबांचा ग्रामोफोन नव्हे, त्याची प्रतिकृती.

याचे उत्तर कंधारकरांनी दूर शोधण्याचे कारण नाही. राष्ट्रकूटकालीन प्रचंड क्षेत्रपालमूर्तीचे खंड येथेच सापडले आहेत. ते पाहताना अखंड मूर्ती किती भव्य असेल, या विचाराने मन थक्क होते. पण हरवलेला भाग कल्पनेने घडवून तिथे बसविला, तर तो आमच्या काळाचा असेल, त्या शिल्पकाराचा नव्हे. प्राचीन वास्तूंच्या जतनाविषयी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद तयार झाली, तिचेही तत्त्व हेच : जिथे तर्क सुरू होतो, तिथे जीर्णोद्धाराने थांबावे, आणि नवा भाग जोडलाच तर तो जुन्याशी जुळणारा, तरीही वेगळा ओळखू येणारा असावा.

मग मोडलेले सारे तसेच ठेवावे काय? रोमचे उदाहरण वेगळे सांगते. २१ मे १९७२ रोजी, पेन्टेकॉस्टच्या दिवशी, संत पेत्राच्या महामंदिरात एका माणसाने मायकलँजेलोच्या 'पिएता'वर हातोड्याचे घाव घातले. पवित्र मातेचा डावा हात तुटला, नाक आणि पापणी फुटली. घावांच्या खुणा राहू द्याव्यात, असे मत काहींनी मांडले. परंतु मूर्तीचा जुना साचा उपलब्ध होता, त्याच्या आधारे ती पूर्ववत करण्यात आली. आमच्या मते ते योग्यच झाले. तो घाव त्या शिल्पाच्या जीवनाचा भाग नव्हता. राहिला असता तर मातेच्या दुःखाआधी हातोडाच भाविकांच्या डोळ्यांत भरला असता.

म्हणजे जखम कोणाविषयी सांगते, हे आधी पाहावे लागते. पुनरुत्थित प्रभूने आपल्या हातांवरील व कुशीतील जखमा पुसून टाकल्या नाहीत. थोमाला त्याच दाखविल्या. त्या उणीव म्हणून नव्हे, तर विजयाची खूण म्हणून राहिल्या, असे संत थॉमस अक्वायनस म्हणतात. हुतात्म्यांच्या व्रणांविषयी संत ऑगस्टीन यांचाही विचार असाच आहे. मात्र एक गोष्ट विसरू नये : जखमा राहिल्या, पण देह थडग्यात राहिला नाही. तो उठला, चालला, बोलला.

म्हणून आम्ही आजोबांनाही सरसकट बरोबर ठरवू शकलो नाही. आवाजासाठी घडविलेली वस्तू तीस वर्षे गोणपाटात ठेवणे हेही काहीसे जमिनीत पुरलेल्या तालंतासारखेच. आम्ही तसे म्हणताच ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फादर, तो वाजला तर आई नाही हे पुन्हा कळेल." यावर आमच्याकडे शास्त्रार्थ नव्हता. पुढे आम्ही आग्रह केला नाही. निर्णय त्यांच्यावरच सोपविला, कारण जखम त्यांची होती.

महिनाभराने त्यांनी स्वतःच नातवाला माळ्यावर चढविले. कमान आणि साउंडबॉक्स दुरुस्त झाले. पेटीच्या कोपऱ्यात सागवानाचा नवा तुकडा बसविला. त्याचा रंग फिकाच ठेवला. कर्ण्याची फट जोडली, पण चेप तसाच राहू दिला. एकच तबकडी उरली आहे, तीही तडकलेली. मिनिटाला सुमारे ७८ फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याला एक 'टक्'. पहिल्यांदा वाजला तेव्हा आजोबा उठून अंगणात गेले. परत येऊन त्यांनी नातवाला पुन्हा चावी द्यायला सांगितले.

आमच्या धर्मग्रामांतही तडे गेलेली नाती असतात. काही जण ती माळ्यावर टाकतात. काही जण जणू काही घडलेच नाही असे दाखवून वर पॉलिश चढवितात. प्रायश्चित्त संस्कारात क्षमा मिळते, परंतु घडलेले घडलेच नाही असे तिथे कोणी म्हणत नाही. क्षमा केलेल्या नात्यात जुना तडा अधूनमधून ऐकू येणारच. त्यासाठी गाणे थांबविण्याचे कारण नाही.