शितावरून भात

बालवाडी चांगली आहे की नाही, हे कशावरून ओळखायचं? प्रश्न साधा वाटतो, पण चार बायकांना विचारून पाहा, चार उत्तरं येतात. एक म्हणते, मूल घरी येऊन एबीसीडी म्हणतं का ते बघावं. दुसरी गणवेश, बूट आणि दारात येणारी गाडी बघते. तिसरीच्या मते मूल रडत जात नाही ना, एवढं पुरे. चौथी सकाळपासून डिचोलीच्या बाजारात भाजी घेऊन बसते. ती म्हणते, "बाईनं माझं पोर दुपारपर्यंत सांभाळलं आणि पोटात चार घास घातले, म्हणजे चांगलीच की!" चारही उत्तरांत तथ्य आहे, आणि एकही पुरं नाही. एकाच बाजूनं पाहिलेलं सत्य अर्धं असतं, हे आपल्याला घरातच शिकवलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, एवढा विचार कशाला? तीन वर्षांचं मूल, खेळेल, खाईल, झोपेल. पण मैत्रिणींनो, मोठ्या वर्गातलं मूल घरी येऊन सांगू शकतं की आज मास्तरांनी शिकवलंच नाही. तीन वर्षांच्या मुलाला ते सांगता येत नाही. त्याचा दिवस कसा गेला हे आपल्याला त्याच्या बोबड्या दोन शब्दांवरून ताडावं लागतं. ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही, त्याच्या वतीनं मोठ्यांनी नीट पाहिलं पाहिजे. अंगणवाडीचं मोजमाप ही केवळ सरकारी कामाची गोष्ट नाही, ती नीतीची गोष्ट आहे, असं मला वाटतं ते म्हणूनच.

सरकारनं मोजायला सुरुवात केव्हाच केली. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ गटांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेला दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याची माहिती देणं आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शाळापूर्व शिक्षण, अशी सहा कामं एका अंगणवाडीवर आली. आता या सहांत मोजायला सोपं काय? वजनकाट्यावर मूल ठेवलं की किलो कळतात. आहाराचंही ठरलेलं आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात या वयाच्या मुलासाठी रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं माप घातलं होतं. लस दिली की खूण करता येते. पण बाईनं आज गोष्ट सांगितली का, आणि सांगताना मागे बसलेल्या बुजऱ्या मुलाकडे पाहिलं का, याला काटा कुठला? जे मोजता येत नाही ते हळूहळू वहीतून गळतं, आणि वहीतून गळलेलं पुढे दिवसातूनही गळतं. २०२१ पासून वह्यांच्या जागी पोषण ट्रॅकर नावाचं अ‍ॅप आलं. वही गेली, मोबाईल आला, तरी हा पेच तसाच राहिला.

खरं तर 'अंगणवाडी' हा शब्द ज्यांनी रुजवला, त्यांची नजर वेगळी होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. वाडीवरची गरीब मुलं केंद्रात येईनात, तेव्हा या बायका केंद्रच उचलून त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. महागडी माँटेसरी साधनं परवडणार नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मूल येत नाही, तर दोष मुलाचा की शाळेचा? त्यांनी तो शाळेचा मानला आणि शाळा बदलली. आज आपण मुलाला मोजतो. त्या दोघींनी आधी स्वतःच्या कामाला माप लावलं.

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. स्वयंपाकघरात ती खरी ठरते, कारण एका भांड्यातल्या सगळ्या दाण्यांना तेच पाणी आणि तीच आंच मिळालेली असते. मुलांचं तसं नसतं. एकाच्या घरी आजी गोष्टी सांगते, दुसऱ्याची आई पहाटेच कामाला जाते. एक मूल दोन घोट दूध पिऊन येतं, दुसरं रात्रीचं उपाशी असतं. अशा दोघांना उभं करून 'शंभरपर्यंत अंक म्हण' असं सांगितलं, तर त्यातून अंगणवाडी कळत नाही, घर कळतं. शीत दाबून पाहायचंच असेल, तर आधी चूल पाहावी.

आणि भाषेचं काय? आमच्या मुळगावात घरोघर कोकणी बोलतात, देवळातला फलक मराठीत वाचतात, आणि कामासाठी येऊन राहिलेल्या कुटुंबांची मुलं कन्नड किंवा हिंदी बोलत येतात. कोकणीत शिजलेल्या भातालाच 'शीत' म्हणतात, आणि 'भात' म्हणजे शेतातलं साळीसकट धान. कोणी परीक्षकानं चित्र दाखवून "ताटात काय आहे?" असं विचारलं आणि मूल "शीत" म्हणालं, तर मराठी उत्तरपत्रिकेत ते चूक ठरेल. मूल चुकलेलं नाही, माप चुकलेलं आहे.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९६२ पासून काही वर्षं तिथल्या इप्सिलांटी गावात गरीब घरांतल्या १२३ मुलांचा अभ्यास झाला. ५८ मुलं चांगल्या बालवाडीत गेली, ६५ गेली नाहीत. बालवाडीतल्या मुलांची बुद्धिमापन चाचणी आधी वर गेली, आणि प्राथमिक शाळेत दोन-चार वर्षं काढेपर्यंत तो फरक पुसून गेला. तेवढ्यावर हिशेब मिटवला असता, तर 'पैसे वाया गेले' असाच निकाल लागला असता. पण अभ्यासकांनी त्या मुलांची पाठ सोडली नाही. चाळिशीला पोचल्यावर दिसलं, की बालवाडीत गेलेल्यांतले जास्त जण नोकरीत टिकले, जास्त कमावत होते, आणि पोलिसांच्या तावडीत कमी सापडले होते. लवकर मोजलेलं आणि चुकीच्या पट्टीनं मोजलेलं माप चांगल्या कामालाही मारून टाकतं.

मग मोजूच नये का? तसंही नाही. मोजलं नाही, तर ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं ठरतं. आज तो आवाज जाहिरातीचा आहे. आसाम, राजस्थान आणि तेलंगण या राज्यांतल्या चार वर्षांच्या सुमारे १४ हजार मुलांचा काही वर्षं मागोवा घेऊन २०१७ साली एक मोठा अभ्यास बाहेर आला. त्यात दिसलं, की सरकारी असो वा खाजगी, बहुतेक ठिकाणी या वयाला साजेसं शिक्षण नव्हतंच. खाजगी बालवाड्यांत तर गिरवणं आणि घोकणं यांवरच भर होता. म्हणजे गणवेश आणि गाडी बघून आपण जी निवड करतो, तिलाही तपासाची गरज आहे.

आता ज्या बाईचं माप आपण काढणार, तिच्याकडे वळू या. आहार तिनं पाहायचा, वजनं तिनं घ्यायची, घरभेटी तिच्या, गरोदर बायकांच्या नोंदी तिच्या, आणि उरलेल्या वेळात शिकवायचंही तिनंच. २०१८ साली केंद्रानं ठरवलेलं सेविकेचं मानधन ३००० रुपयांवरून ४५०० झालं, मदतनिसाचं १५०० वरून २२५०. राज्यं त्यात आपली भर घालतात, पण शब्द पाहा, 'मानधन'. पगार नव्हे. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावं लागलं. तमिळनाडूत एक प्रयोग झाला. काही अंगणवाड्यांत फक्त शिकवण्यासाठी अर्ध्या दिवसाची आणखी एक बाई दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांची भाषा आणि गणित सुधारलं. शिवाय आधीच्या सेविकेला आहार-आरोग्याकडे पाहायला फुरसत मिळाली, त्यामुळे कुपोषणही कमी झालं. दोष हातांत नव्हता, हात कमी होते. हिशेब मागायचा असेल तर आधी साधन द्यावं, हा साधा न्याय. पाच माणसांचं तांदूळ देऊन दहा जणांना जेवण का पुरलं नाही, असं आपण सुनेला विचारलं तर जग आपल्याला काय म्हणेल?

आणि आपण? आपल्यापैकी बहुतेक घरांतली मुलं अंगणवाडीत जात नाहीत. शेजारची एक तरुण आई मला म्हणाली, "काकी, तुमचं सगळं पटतं. पण माझं एकच पोर आहे. गावाची शाळा सुधारावी म्हणून मी त्याला तिथे घालू?" मी तिला 'घाल' म्हणाले नाही. आपल्या तत्त्वाची किंमत लेकरानं मोजावी, हे मला योग्य वाटत नाही. पण माझा विचार तिथे थांबत नाही. बोलू शकणारी, अर्ज लिहू शकणारी माणसं निघून गेली, की मागे उरतात रोजंदारीवर जाणाऱ्या आया. पंचायतीत जाऊन नळाला पाणी का नाही, असं विचारायला त्यांना एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. मूल आपण दुसरीकडे नेलं म्हणून गावाच्या अंगणाशी असलेलं नातं सुटत नाही. मूल नेलं तरी नजर तिथे ठेवता येते, आवाजही ठेवता येतो.

मात्र ही नजर तपासनिसाची नको. वाढदिवसाला खाऊ वाटून फोटो काढणारी तर नकोच. त्यानं बाई आणखी अवघडते आणि मुलं रांगेत उभी राहतात. आपण जायचं ते तिथल्या आयांबरोबर, बाईला विचारून, आणि थोडा वेळ कोपऱ्यात बसायचं.

काय पाहायचं? मुलाशी बोलताना बाई खाली वाकते का. मुलं प्रश्न विचारतात का, की फक्त एका सुरात उत्तरं देतात. हाताळायला काही आहे का, चिंचोके, शिंपल्या, काहीही. घरची भाषा बोललं तर मूल ओरडा खातं का. हात धुवायला पाणी आणि लघवीला आडोसा आहे का. आणि बाईला विचारायचं, तुमच्या अंगावर आज आणखी कोणती कामं आहेत? हा शेवटचा प्रश्न सोडला, तर आधीचे सगळे अन्यायाचे ठरतात.

माया मोजता येत नाही, हे मी मान्य करते. पण ती नसली तर दिसते. एखादं मूल तासभर कोणाशीच बोलत नाही, पडलं तरी कोणाकडे धावत नाही, ते तिथे बसणाऱ्याला कळतं. वहीत तेव्हाही त्याची हजेरी असते, वजनही बरोबर असतं. म्हणून वही हवी, काटाही हवा, आणि त्या दोन्हींच्या जोडीला अंगणात बसलेलं एक माणूसही हवं.