हिरवं रक्त

माझा बारा वर्षांचा भाचा दिवाळीत आमच्याकडे साताऱ्याला आला होता. फराळाची बशी मांडीवर आणि मोबाईल हातात. खेळ चालू होता बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया, म्हणजे मुलांचा ‘बीजीएमआय’. मी त्याच्या मागे उभी राहून बघत होते. त्यानं झाडाआडून समोरच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्या माणसाच्या अंगातून हिरवा फवारा उडाला. “मेला का रे?” मी विचारलं. “मेला नाही म्हणायचं मावशी, फिनिश झाला.” रक्त हिरवं का, हे त्याला सांगता येईना. त्याला त्यात काही वेगळं वाटतही नव्हतं.

मला मात्र ते हिरवं रक्त विसरता आलं नाही, म्हणून त्याचा माग काढला. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारनं 118 ॲप्सवर बंदी घातली, त्यांत पब्जी मोबाईल होतं. बंदी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली होती. कारण दिलं होतं देशाच्या सार्वभौमत्वाचं आणि सुरक्षेचं. गलवानमध्ये चीनशी झालेल्या चकमकीला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. खेळातल्या हिंसेचा त्या निर्णयाशी संबंध नव्हता. जुलै 2021मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नव्या नावानं परत आला तेव्हा मात्र रक्त हिरवं झालं होतं, ‘किल’चं ‘फिनिश’ झालं होतं, आणि हे जग खरं नाही अशी सूचना ऐकू येऊ लागली होती. अठरा वर्षांखालच्यांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा आणि पालकांच्या मोबाईलवर ओटीपी, हेही आलं. आणखी एक मर्यादा तेव्हा जाहीर झाली होती: अठरा वर्षांखालच्या खेळाडूला दिवसाला सात हजार रुपयांपर्यंतच खर्च करता येईल. दिवसाला सात हजार. पुष्कळ घरांत महिन्याचा किराणा तेवढ्यात भरतो. रक्ताचा रंग मुलांना सोसवणार नाही असं ज्यांना वाटलं, त्यांना हा आकडा सोसवला. माझं सगळं म्हणणं या विसंगतीतून सुरू होतं.

रंग बदलून वाद मिटवण्याची युक्ती जुनी आहे. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा मारामारीचा खेळ सप्टेंबर 1993मध्ये घरच्या टीव्हीवर खेळता येऊ लागला. निन्टेन्डो या कंपनीनं आपल्या आवृत्तीतलं रक्त काढून तिथे करड्या रंगाचा घाम दाखवला. तिची स्पर्धक सेगा, तिच्या आवृत्तीत ठरावीक बटणं ठरावीक क्रमानं दाबली की रक्त परत येई, आणि तो क्रम शाळाशाळांत पाठ झाला. सेगाचा खेळ कितीतरी जास्त खपला. त्याच डिसेंबरात अमेरिकेच्या सेनेटमध्ये जोसेफ लीबरमन आणि हर्ब कोल यांनी सुनावणी घेतली. सरकारनं कायदा करण्याआधी आपणच काहीतरी केलेलं बरं, म्हणून खेळ बनवणाऱ्या कंपन्यांनी 1994मध्ये वयानुसार मानांकन देणारं आपलं मंडळ उभारलं. दुसरा ‘मॉर्टल कॉम्बॅट’ आला तेव्हा निन्टेन्डोनंही रक्त लालच ठेवलं. घामाच्या काळात एकही ठोसा कमी झाला नव्हता.

हे निदान निरुपद्रवी म्हणून सोडून देता येईल. जर्मनीत जे झालं ते तसं सोडता येत नाही. तिथल्या दंड संहितेच्या कलम 86अ नुसार नाझी चिन्हं दाखवणं गुन्हा आहे. कला, इतिहास आणि शिक्षण यांना त्यातून सूट आहे आणि चित्रपटाला ती मिळत आली. खेळांना मात्र कित्येक वर्षं नाकारली गेली. त्यामुळे नाझींविरुद्ध लढण्याचा ‘वुल्फेनस्टाइन 2’ हा खेळ 2017मध्ये जर्मनीत आला तेव्हा त्यातल्या हिटलरची मिशी काढली होती आणि त्याला ‘हेर हायलर’ असं नाव दिलं होतं. त्याहून वाईट म्हणजे, मूळ खेळातले ज्यूंचे उल्लेख जर्मन आवृत्तीतून गाळले गेले. ज्या देशानं आपला अपराध पुन्हा घडू नये म्हणून हा कायदा केला, त्याच देशाच्या मुलांसमोरून त्याच कायद्याच्या धाकानं तो अपराध पुसला गेला. गोळीबार तेवढा शाबूत राहिला. लोकांनी यावर टीका केली आणि ऑगस्ट 2018मध्ये तिथल्या मानांकन संस्थेनं धोरण बदललं: प्रत्येक खेळाचा संदर्भ पाहून निर्णय. त्याच महिन्यात कोलोनच्या प्रदर्शनात एक खेळ नाझी चिन्हांसह लोकांसमोर आला. त्यात 1933च्या बर्लिनमधल्या साध्या माणसांचा एक गट हिटलरला विरोध करत जगायचा प्रयत्न करतो. ती चिन्हं काढली असती तर ती माणसं कोणाला घाबरत होती हेच कळलं नसतं.

आपल्याकडे या प्रश्नाची मुळं सिनेमात आहेत. ख्वाजा अहमद अब्बास यांनी चार महानगरांवर एक माहितीपट केला होता. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती. सेन्सॉरनं ती कापायला सांगितली आणि अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. 1970च्या निकालात सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी अश्लीलता आणि लैंगिकता एक नव्हे असं बजावलं, पण चित्रपटाची पूर्वतपासणी वैध ठरवली. त्यामागचं एक कारण असं, की हलतं, बोलतं चित्र इतर कलांपेक्षा माणसाला जास्त खोलवर हलवतं. आज खेळांबद्दल हाच युक्तिवाद एक पायरी वर चढून येतो: सिनेमात मुलगा बघतो, इथे तो स्वतः करतो, म्हणून परिणाम आणखी मोठा.

हा युक्तिवाद मला उडवून लावायचा नाही. त्यातलं अर्धं खरं आहे. खेळात हात गुंतलेला असतो हे खरंच. पण त्यातून ‘म्हणून खुनी तयार होतात’ हा निष्कर्ष निघत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं 2020मध्ये आपली भूमिका पुन्हा मांडली. ओरडणं, ढकलणं अशा आक्रमकतेशी हिंसक खेळांचा थोडा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराशी संबंध जोडायला पुरेसा पुरावा नाही, असं त्या संस्थेनं सांगितलं. आमच्याकडे एवढा धीर कुणी धरला नाही. मार्च 2019मध्ये राजकोटच्या पोलिसांनी पब्जी खेळण्यावर बंदी घातली आणि मोबाईलवर खेळणाऱ्या कॉलेजच्या पोरांना अटक केली. खेळातल्या बंदुकीच्या भीतीनं खऱ्या मुलांना पोलीस ठाण्याची पायरी चढायला लावली.

हात गुंतलेला असतो हे मान्य केलं, तर खेळाची परीक्षा हाताच्याच बाजूनं व्हायला हवी. खेळ मला काय करायला लावतो? केलं की काय देतो? नाही केलं तर काय होतं? खेळाचा आशय या नियमांत असतो. पडद्यावर किती रक्त सांडलं हे मोजणारा परीक्षक सिनेमाचा चष्मा लावून बसलेला असतो. वॉर्सामधल्या मंडळींनी 2014मध्ये केलेला ‘धिस वॉर ऑफ माइन’ घ्या. सारायेव्होच्या वेढ्यावरून तो सुचला. त्यात तुम्ही सैनिक नसता. पडक्या घरात अडकलेली साधी माणसं असता. औषध हवं म्हणून एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात शिरून चोरी करता येते. खेळ अडवत नाही. मग दुसऱ्या दिवशी तुमची माणसं खचतात, गप्प होतात. 2020मध्ये पोलंडच्या सरकारनं हा खेळ शाळांच्या शिफारस केलेल्या साहित्यात घेतला, अठरा वर्षांवरचं मानांकन असूनसुद्धा. रक्त मोजणाऱ्या तराजूत हा खेळ आणि डोकी उडवल्यावर नाणी देणारा खेळ एकाच पारड्यात पडतात.

2009च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर 2’मध्ये विमानतळावरच्या कत्तलीची एक पातळी आहे. खेळाडू अतिरेक्यांच्या टोळीत गुप्तपणे शिरलेला असतो. एकाही प्रवाशावर गोळी न झाडता त्याला त्यातून जाता येतं, किंवा ती पातळी पूर्ण वगळता येते. जपानच्या आणि जर्मनीच्या आवृत्तीत प्रवाशाला मारलं की खेळ संपेल असं केलं गेलं. वरवर हा भला बदल. पण मूळ खेळात बंदूक खाली ठेवण्याचा निर्णय खेळणाऱ्याचा होता, बदललेल्या खेळात तो यंत्राचा झाला. ती पातळी चांगली आहे असं माझं मत नाही. मला ती भडक वाटते. तरी ज्या एका गोष्टीमुळे ती विचार करायला लावत होती, तीच काढून घेतली गेली.

आता लैंगिकतेकडे येते, कारण तिथे आपला गोंधळ सर्वांत मोठा आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’ 2004मध्ये आला. त्यात रस्त्यावरच्या कुणालाही ठार मारता येतं. वेश्येला गाडीत घेऊन, पैसे देऊन, मग तिला मारून ते पैसे परत काढून घेता येतात. या सगळ्यासकट त्याला सतरा वर्षांवरचं मानांकन मिळालं होतं. 2005मध्ये त्याच्या संगणकीय आज्ञावलीत एक झाकून ठेवलेलं दृश्य सापडलं: नायक आणि त्याची प्रेयसी यांच्या संमतीनं झालेल्या संबंधाचं. तेवढ्यावर मानांकन ‘फक्त प्रौढांसाठी’ झालं आणि मोठ्या दुकानांनी खेळ फळ्यांवरून उतरवला. बाईला मारून पैसे काढून घेणं दुकानाला चाललं. तिच्या संमतीचा शृंगार चालला नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही हीच गाठ सुटली नाही. अल्पवयीनांना हिंसक खेळ विकण्यावर कॅलिफोर्नियानं घातलेली बंदी 2011मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी रद्द झाली. न्यायमूर्ती स्कालिया यांनी ग्रिमच्या परीकथांमधल्या क्रौर्याचा दाखला दिला. मुलांच्या गोष्टी कधीच सौम्य नव्हत्या. विरोधी निकालपत्रात न्यायमूर्ती ब्रायर यांनी विचारलं, की तेरा वर्षांच्या मुलाला नग्न स्त्रीचं चित्र विकणं गुन्हा, पण त्याच स्त्रीला बांधून, छळून मारायला लावणारा खेळ विकणं हक्क, यात तर्क कोणता? खेळाला अभिव्यक्तीचं संरक्षण मिळालं याचा मला आनंद आहे. ब्रायर यांचा प्रश्न मात्र मला आजही अनुत्तरित वाटतो. मराठी वाचकाला तो नवा नाही. र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी खटले झाले, चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेला अश्लीलतेच्या आरोपातून सुटायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, ‘सखाराम बाइंडर’ नाटकासाठी दिग्दर्शक कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयात उभं राहावं लागलं. शरीराबद्दल बोलणाऱ्याला आपण कोर्टात उभं केलं. हाणामारीला टाळ्या वाजवत राहिलो.

पण म्हणून सगळंच मोकळं सोडा, असं मी म्हणणार नाही. जपानमध्ये 2006 साली एक खेळ निघाला, ज्यात एका बाईवर आणि तिच्या मुलींवर बलात्कार करणं हेच खेळणाऱ्याचं काम होतं. 2009मध्ये जगभर निषेध झाला आणि तिथल्या खेळ-उद्योगाच्या संस्थेनं असे खेळ रोखायचं ठरवलं. मला ते योग्य वाटतं. इथे हरकत दृश्यावर नाही, नियमावर आहे: अत्याचार केला की जिंकलात. अत्याचार सोसलेल्या स्त्रीच्या बाजूनं केलेल्या खेळात याहून भीषण दृश्य असू शकेल, आणि त्या खेळाच्या बाजूनं मी उभी राहीन.

असा फरक करायला माणसाला खेळ खेळून पाहावा लागतो आणि आपल्या निर्णयाची कारणं लिहावी लागतात. 2025च्या जुलैत जे घडलं ते याच्या अगदी उलट होतं. एका ऑस्ट्रेलियन संघटनेच्या मोहिमेनंतर पैशाचे व्यवहार सांभाळणाऱ्या कंपन्यांकडून दबाव आला. मग स्टीम या खेळांच्या मोठ्या ऑनलाइन दुकानानं कित्येक प्रौढ खेळ काढून टाकले, आणि छोट्या निर्मात्यांच्या इच.आयओ या संकेतस्थळानं प्रौढ मजकुराची हजारो पानं शोधयादीतून एका फटक्यात हटवली. काही खेळ खरोखरच किळसवाणे होते. त्यांच्याबरोबर स्वतःच्या शरीराबद्दल, समलिंगी प्रेमाबद्दल गंभीरपणे बोलणारे खेळही गेले. नाटकांच्या परिनिरीक्षण मंडळाविरुद्ध सारंगांना न्यायालयात जाता आलं. कार्ड चालवणाऱ्या कंपनीविरुद्ध एकट्या निर्मात्यानं कुठे जावं?

आणि आपण? सिनेमासाठी 2024पासून सात, तेरा, सोळा वर्षांवरच्या मुलांसाठी वेगवेगळी प्रमाणपत्रं आली. प्ले स्टोअरवर खेळाखाली वयाचा आकडा दिसतो, पण तो खेळ बनवणाऱ्यानंच भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरतो. ऑगस्ट 2025मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून खेळण्यावर त्यानं बंदी घातली आणि ते गरजेचं होतं. खेळाच्या आत काय आहे ते वाचून, कारणांसह पालकांना सांगणारी व्यवस्था मात्र आपण अजून उभी केलेली नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्सनं ‘राजी’सारखा खेळ 2020मध्ये जगापुढे नेला, म्हणजे असा खेळ करू शकणारी माणसं आपल्याकडे आहेत. तो वाचू शकणारीही सापडतील.

मला हवं आहे ते एवढंच. प्रौढांच्या खेळाला कुणी कात्री लावू नये, रंगही फासू नये. मुलांच्या खेळावर वयाचं प्रमाणपत्र असावं, मराठीत असावं, आणि त्यात रक्ताबरोबर हेही लिहिलेलं असावं: हा खेळ कशाबद्दल बक्षीस देतो, पैसे कुठे आणि किती मागतो, मुलाच्या कानात अनोळखी माणसाचा आवाज येऊ देतो का. एखादा खेळ नाकारला तर नाकारणाऱ्याचं नाव, कारण आणि अपील करण्याची जागा जाहीर असावी.

तोवर हे काम घरातच करावं लागणार आहे. तुमच्या मुलाच्या शेजारी बसून एक मॅच सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा आणि त्याला विचारा, आत्ता तुला गुण कशाचे मिळाले. मी भाच्याला विचारलं. त्यानं फिनिश किती केले ते सांगितलं, आणि मग नवा पोशाख घ्यायला यूसी हवेत, ते पैसे देऊन घ्यावे लागतात, म्हणून माझ्याकडे दोनशे रुपये मागितले.